भोईवाड्याचा आडवा उंबर

सांगलीहून निघताना आमच्या फोटो क्लबच्या अध्यक्षांना, म्हणजे अण्णांना, मी बजावून आले होते, "मधली भिंत रिकामी ठेवा. त्यावर दुसरं काही टांगलंत तर माझ्याशी गाठ आहे!" अण्णा चष्म्यावरून बघत म्हणाले, "नलूताई, रविवारी प्रदर्शन आहे. तोवर फोटो आला नाही, तर मी माझे सूर्यास्त लावतो."

अण्णांचे सूर्यास्त! अख्ख्या सांगलीने ते बघितलेत, काहींनी तर दोनदा. वाकड्या झाडांच्या फोटोंचं हे माझं पहिलंवहिलं प्रदर्शन. जन्मभर ब्लाउज शिवले, उतारवयात कॅमेरा हातात घेतला, आणि नदीकाठची जी बाभूळ मी मधल्या भिंतीसाठी हेरून ठेवली होती, ती मी पोचायच्या आत कोणीतरी तोडून नेली. रडायलाच आलं मला. अशात माझ्या शेजारणीच्या सुप्रियाने तिच्या सासरहून, परळच्या भोईवाड्यातून, मोबाइलवर एक धुरकट फोटो पाठवला. चाळीच्या चौकात एक उंबर, छातीइतका वर येऊन एकदम आडवा झालेला आणि पुढे जाऊन पुन्हा सरळ आभाळात गेलेला. मी शिलाई मशीनवर कापड घातलं आणि रात्रीची बस धरली.

दादरला उतरले तेव्हा उजाडत होतं. फुलबाजारात झेंडूचे ढीग रस्त्यापर्यंत आले होते. चहा घेतला, तोंडावर पाणी मारलं आणि टॅक्सी केली. टॅक्सीवाला गप्पिष्ट होता.

"मावशी, भोईवाड्यात पाहुणे का?"

"नाही, झाड बघायचंय."

त्याने आरशातून माझ्याकडे नीट बघून घेतलं. "लोक मुंबईत समुद्र बघायला येतात, मावशी."

"समुद्र काय, सगळीकडे सारखाच," मी म्हटलं. त्याला ते अजिबात पटलं नाही. उतरेपर्यंत तो मला समुद्राचं महत्त्व सांगत होता.

चाळीच्या दारात सुप्रिया आणि तिचा नवरा मंगेश उभे होते. मंगेश चाळीच्या गणेशोत्सव मंडळात आरास करतो. मला बघताच त्याने हात वर केला आणि कुठूनतरी ताशा वाजायला लागला. मी आत पाऊल टाकलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं.

चौकात वाकडं खोड दिसतच नव्हतं! होता तो मांडव. लाल-पिवळं झालरीचं कापड, त्यावर दिव्यांच्या माळा, वर सोनेरी कळस, कळसामागे नुसता हिरवा शेंडा आणि समोर हा एवढा मोठा फलक: 'सांगलीच्या सुप्रसिद्ध छायाचित्रकार नलूताई यांचे हार्दिक स्वागत.' शेजारी माझा फोटो. तो सुप्रियाच्या लग्नातला, तोंडात जिलबी कोंबलेला.

"कसं वाटलं, मावशी?" मंगेश फुशारून म्हणाला. "कालपासून लागलोय सगळे."

"वाकडं खोड कुठाय?"

"मांडवाच्या आत आहे ना."

"आत आहे म्हणजे? अरे, मी काय मांडवाचा फोटो काढायला आले का इतक्या लांबून? नवरीला बघायला यावं आणि तुम्ही तिला गाठोड्यात बांधून दाखवावी, तसं झालं हे!"

ताशा थांबला. मंगेशचा चेहरा एवढा पडला की मलाच कसंतरी झालं. पण मागे हटले नाही. हटले असते तर भिंतीवर सूर्यास्त आले असते. मंगेशने एकदा कळसाकडे बघितलं. मग त्याने शर्टाच्या बाह्या सरसावल्या. "मावशी, बात तर बरोबर आहे तुमची. आपणच येडे. चला रे, उतरवा सगळं!"

आणि काय सांगू, मी बघत राहिले! कोणी कठड्यावरून चढला, कोणी शिडी धरली, माळा सुटल्या, कापडाच्या घड्या झाल्या. सुप्रियाने दिलेला चहा मी फुंकून पीत होते, तो संपायच्या आत मांडव नाहीसा झाला. गिरणगावातल्या माणसांचं हे काम बघायला तिकीट लावलं तरी लोक येतील.

आणि अख्खा उंबर दिसला.

अगं बाई गं! फोटोत काहीच कळलं नव्हतं. जमिनीतून जाडजूड खोड वर आलेलं, तिथून चौकाच्या वाटेला बाजू देत काटकोनात वळलेलं, माणूस आडवा झोपेल एवढं सपाट गेलेलं, आणि मग एकदम उठून सरळ तिसऱ्या मजल्याच्या वर. आडव्या भागाची साल बसून बसून गुळगुळीत झालेली. खोडाला उंबरं लगडलेली. दुपार होत आली तरी मी कॅमेरा विसरून त्याला हातच लावत बसले होते.

"मावशी, ऊन बघा," सुप्रिया म्हणाली. दोन्ही बाजूंना उंच चाळी. चौकात ऊन येतं ते डोक्यावर सूर्य आला की, आणि थोडाच वेळ राहतं. आता ते पलीकडच्या भिंतीवरून खाली सरकत होतं. मी जागा धरली, कॅमेरा डोळ्याला लावला आणि कपाळावर हात मारला. पहिल्या मजल्यावरच्या दोरीवरून नुकतीच वाळत घातलेली एक लांबलचक ओली गोधडी पार खाली, बरोबर त्या वळणासमोर लोंबत होती.

"शेवंताकाकूंची," मंगेश हळूच म्हणाला. "बाकी सगळं सांगा. ते नाही होणार."

मी जिना चढले. शेवंताकाकू दारातच उभ्या होत्या. मालवणकडच्या, सत्तरी ओलांडलेल्या, कमरेवर हात.

"काकू, एवढी गोधडी जरा आत घ्याल का? फोटो होईपर्यंत."

"गोधडी वली आसा (ओली आहे). ती खंय ठेवू, तुझ्या डोक्यार?"

"ठेवा. फोटो झाला की आणून देते."

त्यांना हसू आलं असावं, पण त्यांनी ते गिळलं. "ह्या झाड कोणी वाकडा केल्यान, ठावक आसा तुका? आमच्या ह्येंनी."

मग त्यांनी सगळं सांगितलं. पूर्वी हे रोप चौकाच्या वाटेवरच आलं. गणपतीची मूर्ती बाहेर काढताना आडवं यायचं. उंबर तोडायचा कोणी? म्हणून दरवर्षी उत्सवात त्याला दोरी बांधून बाजूला वाकवायचे आणि विसर्जन झालं की सोडायचे. दोरीचं काम काकूंच्या यजमानांचं, आत्मारामभाऊंचं. एका वर्षी विसर्जनानंतर सगळी चाळ दमून झोपली, ते गावी गेले आणि दोरी सोडायची राहिली. दोरीच्या गाठीवर वेल चढली होती, कोणाच्या लक्षातच आलं नाही. पुढच्या गणपतीला बघतात तर झाड तसंच आडवं जून झालेलं, आणि टोक वर निघालेलं.

"जल्मभर लोकांनी तेंका 'दोरीवालो' म्हटल्यांनी," काकू म्हणाल्या. "गेले तरी सुटका नाय. आता फोटो काढून सांगलीकारांका पण हसवतलंस?"

गोधडी का हलत नव्हती, ते आत्ता कळलं. खाली ऊन वळणापर्यंत पोचलं होतं आणि मंगेश खालून हातवारे करत होता, पण मला घाई करवेना.

"काकू, मी हसायला नाही आले. मी गावोगाव वाकडी झाडं बघत हिंडते. वाऱ्याने वाकलेली बघितली, पुराने वाकलेली बघितली. एवढं देखणं एकही नाही. तुमच्या यजमानांनी त्या वर्षी दोरी सोडली असती ना, तर मूर्तीच्या आड येतं म्हणून हे झाड कधी ना कधी गेलंच असतं. त्यांच्या विसरण्यानं जगलंय ते."

काकूंनी कठड्यावरून वाकून झाडाकडे बघितलं. मग त्यांनी गोधडी सर्रकन ओढली आणि पाणी गळत असताना छातीशी धरली. "जा गो बाय. ऊन जायत."

मी जिना कसा उतरले, माझं मलाच ठाऊक. ऊन नेमकं आडव्या खोडावर पडलं होतं. पूर्ण झाड, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत, एका चौकटीत! बटण दाबत गेले, दाबत गेले, आणि ऊन सरकल्यावर ओरडले, "मिळाला!" दोन्ही बाजूंच्या गॅलऱ्यांतून टाळ्या पडल्या. मंगेशने ताशेवाल्याला खूण केली. या वेळी मी त्याला अडवलं नाही.

दुपारी काकूंच्याच घरी पान वाढलं होतं. काळ्या वाटाण्याची उसळ, आंबोळ्या (तांदळाचे जाडसर घावन), तळलेला बांगडा, सोलकढी. इतकी जेवले की सुप्रियाने लालबागला मसाला घ्यायला नेलं तेव्हा मला चालवेना, आणि मिरच्यांच्या खकाण्याने शिंकून शिंकून जेवण जिरलं. संध्याकाळच्या बसला बसवायला निम्मी चाळ आली होती.

रविवारी मधल्या भिंतीवर उंबर लागला. लोक येत होते आणि तिथेच थांबत होते. अण्णाही थांबले. पुढे झाले, मागे झाले, चष्मा पुसला. कौतुक करताना अण्णांची जीभ नेहमीच अडते.

तेवढ्यात सुप्रियाचा व्हिडिओ कॉल आला. मी फोन झाडाच्या फोटोसमोर धरला आणि खालची पाटी दाखवली: 'उंबर, भोईवाडा, परळ. आकार देणारे: आत्मारामभाऊ.' पलीकडे शेवंताकाकूंनी ती पाटी मंगेशकडून मोठ्याने वाचून घेतली. पुन्हा वाचायला लावली. मग पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, "नाव बरोबर घातलंस." त्यांच्या मागे सगळी चाळ गोळा झाली होती. मंगेशला राहवेना. तो बेंबीच्या देठापासून ओरडला, "गणपती बाप्पा!"

मराठी माणसाला पुढचा शब्द गिळता येत नाही. आमच्या हॉलमध्ये सगळ्यांत मोठ्याने "मोरया!" ओरडले, ते अण्णा.