मागची डबी

दुकानाच्या माळ्यावर अकरा कॉम्प्युटर पडून होते. त्यांना कॉम्प्युटर म्हटलं की आजची पोरं हसतात. पाटीएवढी काळी पेटी, वर रबराची बटणं, आणि पडदा नाही. पडदा म्हणून घरचाच टीव्ही जोडायचा आणि प्रोग्रॅम टेपरेकॉर्डरमधल्या कॅसेटवरून भरायचा. चाळीसेक वर्षांपूर्वी हे यंत्र घरोघरी जाणार अशी हवा होती. क्रांती चौकात ते पहिल्यांदा आम्ही आणलं, मी आणि माझा भागीदार.

भागीदार रेडिओ दुरुस्त करायचा. मी हातगाडीवर टॉर्च आणि सेल विकून वर आलेला. त्याच्याकडे हात होते, माझ्याकडे तोंड. सौद्यासाठी आमची एक खूण ठरलेली होती. बोलायचं मी, त्यानं शेजारी गप्प बसायचं, आणि त्यानं टेबलाखाली माझा पाय दाबला की मी थांबायचं.

मुंबईचा एक व्यापारी धंदा आवरत होता. स्टेशनजवळच्या लॉजवर त्यानं वीस यंत्रं मांडली. मी त्याला भावात घाम फुटेपर्यंत ओढलं. शेवटी तो म्हणाला, "शेठ, आता कापायचं तर सामानच कापावं लागेल." प्रत्येक यंत्राच्या मागे साबणाच्या वडीएवढी एक डबी खोचलेली होती. मी एक उपसून त्याच्यासमोर ठेवली. "ही काढ. ही कुणाला पाहिजे?"

डब्या वजा करून सौदा झाला. मी खूश होतो.

परतताना टेम्पोत भागीदार म्हणाला, "यंत्राची मेमरी असते रे त्या डबीत. तिच्याशिवाय ते रिकामं डोकं आहे."

"टीव्हीवर अक्षरं उमटतात ना? मग झालं."

आधी नमुना म्हणून आणलेल्या एका यंत्राची डबी आमच्याकडे होती. तेच यंत्र दुकानात टीव्हीला जोडलं. गर्दी व्हायची. लोक आपलं नाव टीव्हीवर बघायचे आणि ओरडायचे, "अरे भाई, टीवी पे मेरा नाम आ रा!" महिन्याभरात बराच माल गेला. मग तो परत यायला लागला. एक मास्तर पेटी काखेत मारून आले आणि काउंटरवर आदळून म्हणाले, "तुमच्या दुकानात पन्नास पोरांचे मार्क बसतात. माझ्या घरी सहाव्या पोराला यंत्र संपतं! मी काय सहाच पोरं शिकवू?" मागून कुणीतरी हसलं. "सेठ, खिलौना बेचे तुम."

डब्या मिळतील का म्हणून मुंबईला फोन केला. त्या कधीच दुसरीकडे गेल्या होत्या. आमची नमुन्याची एकुलती डबीही पुढं जळाली.

माल परत करणारं गिऱ्हाईक वाढत होतं आणि माझं डोकं तापत होतं. भर दुकानात मी भागीदाराकडे बोट केलं. "माल यानं पारखला. मला यातलं काय कळतं? सौद्यात शेजारी बसला होता, एका शब्दानं, एका खुणेनं मला अडवलं नाही."

त्यानं हातातली सोल्डरची सळई स्टँडवर ठेवली, हात धुतले आणि गेला. माझी गोष्ट बाजारात माझ्यापेक्षा जोरात फिरली. त्याच्याकडे कुणी रेडिओ देईना. वर्षभरात तो आपल्या गावी, देवगाव रंगारीला, शेतीवर परतला. टीव्ही त्याचा होता, तेवढा घेऊन गेला.

ही गोष्ट मी आयुष्यभर अशीच सांगत आलो. बायकोला, मुलीला, चहाला बसणाऱ्यांना. बायको गेली. मुलगी पुण्याहून रविवारी फोन करते. चहाला बसणारे एकेक कमी झाले. आता चहावाला विचारत नाही, एक कट चहा ठेवून जातो.

गेल्या आठवड्यात शेंद्र्याच्या कारखान्यातली एक इंजिनिअर बाई आली. तिला जुन्या यंत्रांचा नाद आहे. तिनं सगळी यंत्रं माळ्यावरून उतरवली, एकेक उलटी केली.

"काका, यांच्या डब्या कुठं आहेत?"

"भागीदारानं फसवलं," मी सवयीनं सुरू केलं. "सौद्यात शेजारी बसला होता, एका शब्दानं..."

'एका खुणेनं' हे शब्द या वेळी तोंडातून येईनात. तिनं पर्समधून एक डबी काढली, यंत्राच्या मागे खोचली आणि आपला छोटा पडदा जोडला. "आता धक्का लावू नका. ही जरा हलली तरी सगळं पुसलं जातं." मग ती मार्कांची यादी टाकत गेली. सहावं पोरगं गेलं, विसावं गेलं, चाळिसावं गेलं. यंत्र थांबलं नाही. याच दुकानात आम्ही दोघं मिळून काय विकू शकलो असतो, ते मी उभ्यानं बघत होतो.

"तीन यंत्रं ने आणि डबी ठेवून जा," मी म्हणालो.

"पाच."

"दुकान लुटायला आलीस काय?"

"बरं, चार. तुम्ही ओरडताय म्हणून."

भागीदाराचा नंबर त्याच्या नातवाच्या लग्नपत्रिकेवर होता. पत्रिका मला आली नव्हती. दुसऱ्याची मागून आणून मी ती गल्ल्यात ठेवली होती. फोन लावला, नाव सांगितलं. पलीकडे मोटारपंप चालू होता.

"तू पाय दाबला होतास," मी म्हणालो. "लॉजवर. दोनदा."

"तीनदा."

"दोनदा! मला सांगतो?"

"तीनदा दाबला, लेका. तिसऱ्यांदा तू पाय काढून घेतला."

मी पाय खुर्चीखाली ओढला होता. तो सांगेपर्यंत ते मी स्वतःलाही कधी सांगितलं नव्हतं.

"मग भर बाजारात बोलला का नाहीस?" माझा आवाज चढला. खरं तर याचाच मला इतकी वर्षं राग आहे. भांडला असता तर मी दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी गेलो असतो.

"तू लई जोरात बोलत होता," तो म्हणाला.

मी डबीचं सांगितलं. एक मिळाली आहे, चालते, पण आमच्या वेळच्या टीव्हीवर बघायचं आहे.

"त्यो टीव्ही हाय इथं. लागतो का नाय, ठाऊक नाय. कुणी लावतच नाय."

ये, असं तो म्हणाला नाही. येऊ का, असं मी विचारलं नाही. फोन कुणी आधी ठेवला तेही कळलं नाही.

एक यंत्र मी पिशवीत भरून शटरजवळ ठेवलं आहे. डबी वेगळी, रुमालात गुंडाळून शर्टाच्या खिशात आहे. देवगाव रंगारीवरून कन्नडकडे जाणारी एक गाडी सकाळी आठला सुटते. काल मी स्टँडवर जाऊन विचारून आलो, आणि आज पुन्हा विचारून आलो.