बँकवाल्या आजोबांची भीती

घाबरणं हा आमच्या शेजारच्या आजोबांचा धंदा होता. तरुणपणी ते आयर्लंडमधल्या आमच्या या ड्रोहेडा गावातून अमेरिकेला गेले आणि घोडे-पिस्तुलांच्या सिनेमांत, मग टीव्हीच्या मालिकांत, वर्षानुवर्षं एकच काम करत राहिले. दरोडेखोर बँकेत शिरले की काउंटरमागे थरथरायचं. म्हातारपणी गावी परतले, तेव्हा माझ्या मुलीने त्यांचं नाव बँकवाले आजोबा ठेवलं.

दुपारी टीव्हीवर जुना वेस्टर्न लागला की आम्हाला बोलावणं यायचं. "तो बघ, मी," असं ते म्हणेपर्यंत पडद्यावर त्यांना गोळी लागलेली असायची. मी हसलो की चिडायचे. "हसू नकोस. नायकाला घाबरायची परवानगी नव्हती. त्याच्या वाटची भीतीसुद्धा मीच दाखवायचो, आणि पोस्टरवर मात्र तो."

आरडाओरडा करणारा नट त्यांच्या लेखी कच्चा. "खरा घाबरलेला माणूस हाताला काम शोधतो," म्हणायचे. म्हणून त्यांचा कॅशियर समोर पिस्तूल असतानाही काउंटर पुसत बसायचा. दिग्दर्शक वैतागायचे, पण यांनी पुसणं सोडलं नाही.

दोन हजार वीसच्या मार्चमध्ये मी हॉस्पिटलच्या कोविड वॉर्डवर लागलो. सपशेल घाबरलो होतो. घरी मात्र इथल्या लोकांसारखं "ऑल ग्रँड", म्हणजे सगळं छान, सांगायचो. एकदा ड्यूटीवरून येऊन दारातच गाडी पुसत उभा होतो, तर आजोबा कुंपणापलीकडून म्हणाले, "डॉक्टर, गाडी केव्हाच स्वच्छ झालीय. आत जा, बायकोला खरं सांग." मी सांगितलं. "मला काय दिसत नव्हतं का रे?" ती म्हणाली आणि आम्ही दोघंही रडलो.

पुढच्या जानेवारीत आजोबाच आमच्या वॉर्डात आले. ऑक्सिजन वाढवत होतो, तरी आकडे उतरत होते. पोरंबाळं नव्हती, आणि असती तरी त्यांना आत सोडलं नसतं. मास्क, गाउन, व्हायझर यांत आम्ही सगळे त्यांना सारखेच दिसत होतो.

"कोण तू?"

"शेजारचा डॉक्टर, आजोबा."

"सगळे येतात आणि ग्रँड म्हणून जातात." त्यांना धाप लागली. "तू घाबरलायस का?"

अशा वेळी डॉक्टरने काय म्हणायचं असतं ते मला पाठ होतं.

"हो," मी म्हणालो. "खूप."

त्यांनी माझं मनगट धरलं. "बरं झालं. मला वाटलं, इथे मी एकटाच."

मी खुर्ची ओढून बसलो. संध्याकाळी ते गेले. तोवर आम्ही दोघं मिळून घाबरत होतो.