काळ्या मातीतले बूट

शाळेचा फुटबॉल संघ माझ्याकडे आला, तो दुसरं कोणी घेईना म्हणून. मी मराठी शिकवणारा. पण कित्येक वर्षं संध्याकाळी मैदानाच्या कडेला उभा राहिलो आणि तो संघ मला माझाच वाटू लागला. मागल्या वर्षी पुण्याकडचे एक तरुण क्रीडाशिक्षक रुजू झाले. संघ त्यांच्याकडे गेला. ते रीतसरच होतं.

ते मुलांबरोबर धावत. मी कधी धावलो नव्हतो. मुलं त्यांच्यासारखे केस कापून घेऊ लागली. स्टाफरूमच्या खिडकीतून त्यांचं हसणं ऐकू येई, आणि समोर एखाद्या खेळाडूचा निबंध असला, तर माझी लाल शाई जरा जास्तच चाले.

नव्या सरांनी खटपट करून सगळ्यांना स्टडचे, तळाला खुंट्या असलेले बूट मिळवून दिले. माझ्या वेळी मुलं अनवाणी खेळत.

धामणगाव बढ्याचा संघ आमच्याकडे खेळायला आला, त्याच्या आदल्या रात्री पाऊस झाला होता. सामन्याआधी गोलपोस्टपाशी नारळ फोडायची आमची रीत, आणि तो नेहमी मी फोडायचो. त्या दिवशी कॅप्टनने नारळ नव्या सरांच्या हातात दिला. त्याच्या मनात काही नसावं. माझ्या मनात मात्र होतं.

पाहुण्या मुलांनी मैदानावर एक पाऊल टाकलं, खाली पाहिलं आणि बूट काढून ठेवले. आमची मुलं लेस बांधत होती. ओली काळी माती स्टडमध्ये कशी थापून बसते, हे मला ठाऊक होतं. विचारतील तर सांगू, असं मी मनाशी म्हटलं. कोणी विचारलं नाही.

मध्यंतराला आम्ही दोन गोलांनी मागे होतो.

"पायच उचलून नाई राह्यला, सर," कॅप्टन धापा टाकत म्हणाला.

"बापाचं वावर बुटाले बांधून पळून राह्यलो बे आपण!" गोलकीपर म्हणाला. हसलं कोणीच नाही.

नवे सर गोंधळून माझ्याकडे आले. "सर, तुम्हाला या मैदानाची माहिती आहे. काय करू?"

"बूट काढायला सांगा."

"आधी बोलला असतात तर..."

"तुम्ही विचारलं नाहीत," मी म्हणालो. शब्द सौम्य होते, म्हणूनच मला त्यांची अधिक लाज वाटली.

कॅप्टन वाकून लेस सोडत होता. त्याने मान वर केली. "तुमाले मालूम होतं, सर?"

"हाव," मी म्हणालो. त्याच्या बोलीत खोटं बोलणं मला जमलं नाही.

तो बूट तिथेच टाकून मैदानात गेला. अनवाणी मुलं मोकळी धावली. एक गोल फिटला, दुसरा फिटला नाही. हरलेल्या मुलांना नव्या सरांनी जवळ घेतलं. मी बुटांच्या ढिगापाशी बसून काडीने माती खरवडू लागलो.

थोड्या वेळाने कॅप्टन आला, शेजारी बसला आणि एक बूट उचलून खरवडू लागला.

"म्होरच्या टायमाले आंधीच सांगजा, सर."

"सांगीन."

पलीकडे नवे सर काहीतरी बोलले आणि सगळी मुलं खळखळून हसली. कॅप्टनने तिकडे पाहिलं, बूट खाली ठेवला. "येतोच, सर," म्हणत तो धावत गेला.

त्याने अर्धवट सोडलेला बूट मी उचलला. मन अजून निवळलं नव्हतं. काडी मात्र जपून चालवली; बूट त्याचा होता.