अर्लीनच्या डब्यातली झोप

दार सरकवून आत पाऊल टाकलं आणि अर्लीन पनास्युकला वाटलं, गाडी थांबली.

आवाजच नव्हता. चाकांचा नाही, भिंतींचा नाही, छतातल्या हवेच्या झडपेचाही नाही. तिनं खिडकीकडे पाहिलं. बाहेर सस्कॅचेवानचा सपाट बर्फ भरधाव मागे पळत होता, कुंपणाचे खांब एकमेकांत मिसळून जात होते. गाडी धावत होती, पण या खोलीला त्याचा पत्ता नव्हता. एका हातात चहाचा ट्रे होता, म्हणून आधारासाठी तिनं दुसरा हात सवयीनं मागे नेला. बिछाना खाली ओढायची ती जाड मूठ तिथे असायची. मूठ नव्हती. गुळगुळीत भिंत होती, आणि ती कोमट होती. एखाद्या जनावराच्या पोटाला हात लागावा तसा तिनं हात झटकन मागे घेतला.

"दचकलीस ना?" पलंगावर बसलेल्या मिसेस थीसेन म्हणाल्या. "मीसुद्धा काल रात्री अशीच दचकले. भिंतीतच हीटर बसवलाय म्हणे. ये, बस."

"आम्हाला बसायची परवानगी नसते, मिसेस थीसेन."

"माहीत्येय गं. दर वर्षी विचारते, दर वर्षी नाही म्हणतेस."

मिसेस थीसेन दर जानेवारीत विनिपेगहून व्हँकूव्हरला मुलीकडे जायच्या. नवरा एब हयात होता तोवर दोघं जायची, आणि नेहमी अर्लीन ज्याची अटेंडंट असे त्याच डब्यात. एब विमानात पाय ठेवायला तयार नसे. गेल्या शरद ऋतूत तो गेला. आणि या वर्षी, एकट्या येताना, म्हातारीनं अर्लीनचा जुना डबा सोडून शेजारचा नवा केलेला डबा घेतला होता. काल स्टेशनवर यादीत तिचं नाव दिसलं नाही तेव्हा अर्लीनला वाटलं, तीही गेली की काय. मग कळलं, पुढच्या डब्यात आहे. दुःख व्हायला हवं होतं की बरं वाटायला हवं होतं, हे तिला ठरवता आलं नाही. म्हणून सकाळी ती स्वतःच चहा घेऊन आली होती. तिला फक्त एवढं ऐकायचं होतं, की या गुबगुबीत खोलीत म्हातारीला झोप लागली नाही.

हा डबाही एकेकाळी अर्लीनचाच होता. नाव स्नो गूज. त्याचा जोडीदार ग्रे हेरॉन. दोन्ही एकाच कारखान्यातून, एकाच वर्षी निघालेले, पोलादी पत्र्याचे, बाहेरून पन्हळी. आजही प्लॅटफॉर्मवरून पाहिलं तर कुठला कुठला ते सांगता येत नसे. तीन वर्षांपूर्वी स्नो गूज दुरुस्तीला गेला आणि आतून दुसराच होऊन परत आला; त्यानंतर त्यातल्या खोलीत अर्लीननं आजवर पाऊल टाकलं नव्हतं. दोन खोल्यांच्या जागी एक, प्रत्येकीला स्वतःचं न्हाणीघर, पाय बुडतील असा गालिचा, बटण दाबलं की भिंतीतून हळूच उतरणारा रुंद पलंग. ग्रे हेरॉन तसाच राहिला. त्यातल्या एकट्याच्या खोलीत बिछाना ओढला की संडास त्याच्याखाली जाई, आणि रात्री गरज लागली तर माणसानं पडद्याची चेन उघडून, बोळात उभं राहून, आपलाच बिछाना उचलायचा. डोक्याशी खिडकीवर बर्फ साचे आणि पायांशी वाफेचा नळ पोटऱ्या भाजून काढी.

तरी नोकरीतल्या ज्येष्ठतेनं जेव्हा अर्लीनला निवड करायची संधी आली, तिनं ग्रे हेरॉन मागून घेतला. गाडीचा सर्व्हिस मॅनेजर गाएतान कपाळाला हात लावून म्हणाला होता, "अगं बाई, त्या थडग्यात काय ठेवलंय तुझं?"

"माझ्या डब्यात माणसं झोपतात," ती म्हणाली होती. "तुझ्या त्या हॉटेलात नुसती लोळतात."

हे तिचं नेहमीचं वाक्य होतं, आणि तिची त्यावर श्रद्धा होती. ती ट्रान्सकोनाची, विनिपेगच्या पूर्वेच्या रेल्वेवाल्यांच्या वस्तीतली. बाप वर्कशॉपमध्ये डब्यांचे पत्रे ठोकायचा, बहुतेक रात्रपाळीला. दिवसा तातो, बापाला मुलं तसंच म्हणत, झोपला की घर मुकं व्हायचं. चारही मुलं मोज्यांवर चालायची. मागच्या यार्डातलं इंजिन डबे ढकलू लागलं की कपाटातल्या बश्या किणकिणायच्या, आणि मग सहा वर्षांची अर्लीन खुर्चीवर चढून बश्यांमध्ये चिंध्या घालायची. खिडकीच्या फटीत आईचे जुने मोजे, दाराच्या घंटीच्या लोलकाला दोरा. संध्याकाळी बाप उठून स्वयंपाकघरात आला की ती त्याच्या तोंडाकडे बघत उभी राहायची. तो तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणायचा, "मेल्यासारखा झोपलो गं पोरी." मगच ती जेवायला बसायची.

पुढे गाडीवर लागली, आधी स्वयंपाकघरात, मग झोपायच्या डब्यांवर. लग्न झालं, मोडलं. डेनिसचं म्हणणं, तू परक्यांच्या उश्या थोपटतेस आणि घरी आल्यावर दोन दिवस पडून राहतेस. त्यात खोटं काही नव्हतं. पण डब्याच्या बाबतीत तिच्यासारखी कोणी नव्हती. बर्फातल्या बुटांचं आतलं लोकरीचं जाड अस्तर कापून ती पाचरी बनवायची. यार्डात रिकामा डबा उभा असताना एकेका खोलीत जायची, भिंतीला तळवा लावायची, ठोकायची, जिथे पत्रा खुळखुळला तिथे पाचर ठोसायची. बिछान्याच्या चादरी इतक्या ताठ की कोरी, स्नो गूजचा अटेंडंट, म्हणायचा, "हिच्या बिछान्यात शिरायला शूहॉर्न लागतं." आणि सकाळी प्रत्येक दारापाशी तेच: "झोप लागली ना?" लोक डोळे चोळत म्हणायचे, "वा, छान." एब थीसेन तर हात उंचावून म्हणायचा, "अर्लीन, दगड! दगडासारखा!" ती वाक्यं गोळा करत ती बोळातून पुढे जायची. दुसरं काही तिनं आयुष्यात गोळा केलं नव्हतं.

आता तिनं ट्रे टेबलावर ठेवला आणि तोच प्रश्न विचारला. "झोप लागली ना?"

मिसेस थीसेननी कपाला हात लावला, पण उचलला नाही.

"लागली," अखेर त्या म्हणाल्या. "अर्लीन, मला झोप लागली. रात्री जेवून आले, आडवी झाले, आणि डोळे उघडले तर उजेड. गाडीत पहिल्यांदा."

"पहिल्यांदा म्हणजे?"

"म्हणजे पहिल्यांदा."

अर्लीन हसली. म्हातारी माणसं असं काहीबाही बोलतात. "तुम्ही तर दर वर्षी सांगायचात..."

"सांगायचो." मिसेस थीसेननी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर झोपेची टवटवी होती, आणि तिची लाज वाटल्यासारखं काहीतरी. "एब एक रात्रही झोपला नाही गं तुझ्या डब्यात. एकही नाही. उशीखालून काहीतरी करकरायचं. तू दिवे घालवून गेलीस की तो कोट चढवून देखावा बघायच्या काचेच्या छताच्या डब्यात जाऊन बसायचा, पहाटेपर्यंत. तू यायच्या आधी परत येऊन बिछान्यात शिरायचा. बुटांसकट. त्या तुझ्या चादरीत शिरताना शिव्या घालायचा."

"घरी झोपायचे ते?"

"घरी? घरी घोरायचा. आमच्या शेजारच्यांनी तक्रार केली होती."

अर्लीन उभीच होती. खोलीत कसलाच आवाज नसल्यामुळे तिला स्वतःचा श्वास ऐकू येत होता. तो कोणा दुसऱ्याचा वाटला.

"मग सांगितलं का नाही? मी खोली बदलून दिली असती. मी..."

"तू यायचीस तेव्हा तुझा चेहरा कसा असायचा, तुला माहीत नाही," मिसेस थीसेन म्हणाल्या. "परीक्षेचा निकाल ऐकायला आल्यासारखी. एब म्हणायचा, त्या पोरीला नाही म्हणायचं म्हणजे कुत्र्याच्या पिल्लाला लाथ मारायची. मलाही बजावलं होतं, तोंड उघडायचं नाही. आता तो नाही, आणि मी..." त्यांचा आवाज चिरकला. "मी काल झोपले, अर्लीन. तो गेल्यानंतर. इतकी गाढ. या खोलीत तोही झोपला असता. एवढ्या वर्षांत एक रात्र."

अर्लीननं म्हातारीच्या खांद्यावर हात ठेवला, चहा ओतला, साखर घातली. मिसेस थीसेन साखर घेत नसत, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

दोन डब्यांमधल्या जोडावर ती थांबली. तिथे थंडी होती आणि लोखंड एकमेकांवर आदळत होतं. एब खोटं बोलत होता. ठीक. एब भला माणूस. पण त्याच्यामागे बाकीचे उभे राहू लागले. कॅमलूप्सच्या त्या दोघी बहिणी. ओकारिना नावाची मातीची शिटी वाजवणारा तो माणूस. हनीमूनची जोडपी. "वा, छान." "मस्त." "बाळासारखी." रांग संपेना, बोळच्या बोळ भरला, आणि अगदी शेवटी, मागे, स्वयंपाकघराच्या दारात, तांबारलेल्या डोळ्यांचा तातो.

मेल्यासारखा झोपलो गं पोरी.

बापाचे डोळे सतत लाल असायचे. पत्र्याच्या धुळीनं, असं आई म्हणायची.

दुपारी गाएताननं तिला भोजनाच्या डब्यात गाठलं. समोर पेरोगींची, बटाटा भरून उकडलेल्या करंज्यांची, ताटली, तिनं हात लावलेला नाही. "काय गं, कोण मेलं?" मग तिचा चेहरा पाहून त्यानं टोपी काढली. "व्हँकूव्हरला पोचेपर्यंत सांग मला. वरून विचारतायत, ग्रे हेरॉनला उन्हाळ्यात दुरुस्तीला पाठवायचं की तसाच चालवायचा. जुन्या माणसांचं मत हवंय त्यांना. मी आपलं लिहून टाकू का, अर्लीन म्हणते हात लावाल तर याद राखा?"

"थांब," ती म्हणाली.

"तू? तू थांब म्हणतेस?"

"थांब म्हटलं ना."

त्या दिवशी तिनं डब्यातले बिछाने नेहमीसारखेच घातले. हात आपोआप चालले. पण दिवे मंद करून पुढच्या कर्मचाऱ्यांच्या डब्यात जाऊन पडल्यावर तिला उमगलं, की धावत्या गाडीत आपण प्रवाशांच्या बिछान्यावर आजवर एकदाही पडलेलो नाही. तशी सक्त मनाईच होती. यार्डात उभ्यानं ऐकलं, बोळातून चालताना ऐकलं. उशीला कान लावून कधीच नाही.

सकाळ झाली तेव्हा डोंगर आले होते. चार नंबरच्या खोलीत लॉर्न फेडोरिक नावाचा यॉर्कटनचा दांडगा माणूस होता, कर्लिंग या बर्फावर दगड सरकवायच्या खेळासाठी मैदानाचा बर्फ तयार करणारा, कॅमलूप्सला सामन्यांसाठी निघालेला. अर्लीननं दारावर टकटक केली. तो पडदा सारून बाहेर डोकावला, केस उभे, गालावर चादरीची एकही वळी नाही.

"झोप लागली ना?" तोंडातून निघून गेलं. आणि त्याच क्षणी तिला ऐकू आलं, हा प्रश्नच नाही. यात 'नाही' म्हणायला जागाच ठेवलेली नाही.

"वा!" लॉर्न म्हणाला. "मस्तच."

अर्लीन हलली नाही. "मिस्टर फेडोरिक, खरं सांगा."

"अं?"

"खरं सांगा. मी रागावणार नाही. कोणाला कळवणारही नाही."

त्यानं बोळात इकडेतिकडे पाहिलं, जणू तिचा साहेब कुठे लपलाय की काय. मग तिच्या तोंडाकडे पाहिलं. लाजल्यासारखा मान खाजवू लागला.

"नाही हो. डोळ्याला डोळा नाही. माझं शरीरही मोठं, त्यात तुमचा काय दोष..."

"कशानं?"

"काही नाही हो, थोडं..."

"कशानं, ते सांगा."

"सांगता येत नाही. पडून ऐकावं लागतं." आणि तो बाजूला सरकला. थट्टेनं म्हणाला की खरंच, ते त्यालाही कळलं नसावं. "बघा पाहिजे तर."

अर्लीन आत गेली. बिछान्याच्या कडेवर बसली, बूट पायात तसेच ठेवून आडवी झाली, आणि कान उशीला लावला.

आधी नुसती धडधड होती, ओळखीची. मग तिच्या खालून दुसरं काही वर आलं. पत्र्याचं खुळखुळणं नव्हतं ते. खूप खोल, बारीक, लांबट कण्हणं, हाडातून आल्यासारखं. गाडी वळणावर झुकली की ते वाढे, दाढेत शिरे, मग क्षणभर थांबे. त्या थांबण्यात पुन्हा सुरू होण्याची वाट पाहावी लागे. आणि मग ते सुरू होई. कुठल्याच पाचरीनं ते बंद होण्यासारखं नव्हतं. डबाच कण्हत होता. उभ्या माणसाला ते ऐकूच येत नव्हतं.

दारात लॉर्न उभा होता, रोज ती उभी राहायची त्याच जागी, चौकटीला हात टेकून, थोडा वाकून.

"ऐकू येतंय?"

"येतंय," अर्लीन म्हणाली. तिचे डोळे उघडे होते, छताकडे.

तिचा चेहरा पाहून तो गडबडला. मोठा पंजा हवेत हलवत, घाईघाईनं, अगदी मनापासून म्हणाला, "पण सवय होते हो! दुसऱ्या रात्री काही वाटत नाही. खरंच सांगतो, पहाटे जरा लागला होता डोळा. चांगला लागला होता."

"नको," ती उशीवरून डोकं न उचलता म्हणाली. "तसं म्हणू नका."