बर्फाविना स्की: ॲथलोनच्या जुन्या रेल्वेमार्गावर तीन पिढ्या

आयर्लंडमध्ये बर्फ पडला तरी बहुतेकदा दुपारपर्यंत टिकत नाही. त्यामुळे क्रॉस-कंट्री स्कीइंगला ॲथलोनला जातोय म्हटल्यावर ऑफिसात सगळे हसले. पण इथे ते चाकांच्या स्कीवर करतात: बुटाखाली लांब पट्टी, पुढे-मागे एकेक चाक, हातात दोन काठ्या. माझी अकरा वर्षांची इरा मैत्रिणीबरोबर हे शिकली होती. आम्हालाही न्यायचंच, असा तिचा हट्ट. आम्ही म्हणजे मी आणि सांगलीहून आलेली माझी आई. गेल्या वर्षी बाथरूममध्ये पडल्यापासून आई कुणाचा हात धरल्याशिवाय बाहेर पाऊल टाकत नव्हती. नुसती बसून राहते, मला परत पाठव, असं आदल्याच आठवड्यात म्हणाली होती.

शनिवारी सकाळी ड्रोहेडाहून, म्हणजे आमच्या गावाहून, निघालो. सगळा मोटरवे, पावणेदोन तास. डब्लिनच्या रिंगरोडचा टोल नंतर ऑनलाइन भरावा लागतो, विसरू नका. ॲथलोनला जुन्या रेल्वेच्या कडेने सपाट डांबरी वाट केली आहे. शेजारी गंजलेले रूळ, पलीकडे गाई. स्की, काठ्या, हेल्मेट तिथल्या स्की क्लबकडूनच मिळतात. आधी फोन करून मापं सांगावीत.

शिकवायला मॉरा होती, सत्तरी ओलांडलेली निवृत्त नर्स. यात पाय आपटत नाही, घसरतो, म्हणून गुडघ्यांना हादरे कमी. हात, पाठ, पोट, दम सगळ्यांना काम मिळतं, असं तिनं समजावलं. आईला मात्र स्की न देता नुसत्या काठ्या दिल्या. आधी तोल, मग चाकं.

मी दोनदा गवतात पडलो. इरा मात्र सुळकन पुढे. शेवटी स्की काढून मी आईजवळ गेलो आणि सवयीनं तिचं कोपर धरलं. त्यामुळे तिची एक काठी सारखी अडखळत होती. मॉरा शांतपणे म्हणाली, "लेट गो ऑफ हर. शी'ज ग्रँड." इथे ग्रँड म्हणजे अगदी ठीक.

मी सोडलं नाही. आई थांबली. "सोड की हात," म्हणाली. "तू धरलास की मला पडल्यागत वाटतंय."

मी हात सोडला. ती दगडी पुलापर्यंत एकटी गेली. इरा मागे वळून तिच्या चालीनं हळूहळू सरकू लागली. दोघी काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. पुलाशी आईनं घाम पुसला आणि डब्यातली थालीपीठं मॉराला आग्रहानं खाऊ घातली. आईच्या पायात स्की काही चढल्या नाहीत. ती त्याबद्दल खट्टूही नव्हती.

माझे खांदे तीन दिवस दुखले. येताना आईसाठी काठ्यांची जोडी घेतली. सोमवारी सकाळी ती घराजवळच्या बॉइन नदीकाठी फिरायला निघाली, तेव्हा मी लपतछपत पन्नास पावलं मागून गेलो. मंगळवारीही गेलो. बुधवारी तिच्यामागे दार लागल्याचा आवाज आला, आणि मी चहाचं आधण ठेवलं.