शेवंताक्काचं म्हणणं

हे माझ्या नवऱ्यालाही ठाऊक नाही. घरात चार माग चालतात, त्या खडखडाटात काहीही बोलले असते तरी खपून गेलं असतं — तरी नाही बोलले. आज तुम्हाला का सांगतेय? मलाही नीट कळत नाही.

मी वडगावची. घरात साड्या विणायचं काम, पण मी शिकले कन्नड शाळेत. आमच्याकडं कचेरीचा सगळा कारभार कन्नडमधूनच चालतो. गल्लीत कुणाला कसला कागद आला की तो माझ्याकडं यायचा. कचेरीत बोलायचं असलं की लोक मलाच पुढं करायचे. आणि मला ते आवडायचं — हेही सांगून टाकते.

आमच्या घरामागं थोड्या अंतरावर नाला आहे. पावसाळ्यात फुगतो, शिवारात शिरतो. तो दोन्ही बाजूंनी बांधून काढायचं ठरलं, तेव्हा लोकांचं म्हणणं ऐकायला एक साहेब आले. नवे होते, मराठी येत नव्हतं. गर्दीतून शेवंताक्का उठली. येळ्ळूरच्या अंगाला, नाल्याला लागूनच तिचं भाताचं रान. बाजारापुरतं कन्नड तिला यायचं, कचेरीतलं नाही. मला म्हणाली, "पोरी, मी सांगत्ये ते साहेबास्नी नीट सांग."

मग ती सावकाश बोलली. वरच्या बाजूला नाल्याला एक फाटा होता. जादा पाणी त्या वाटेनं निघून जायचं. तो माती टाकून बुजवला, वर प्लॉट पाडले. "त्यो फाटा आदी मोकळा करा. न्हायतर भिंती बांधल्यासा तर समदं पाणी माझ्या रानात यील."

त्याच प्लॉटांवर माझं घर आहे.

साहेब माझ्याकडं बघत होते. किती वेळ गेला असेल? फार नाही. मला माझी भिंत दिसली, माग दिसले, आणि मी कन्नडमध्ये म्हणाले — या म्हणतात, नाल्यातला गाळ लवकर काढा.

एवढंच. कारकुनानं लिहून घेतलं, आक्कानं त्याखाली अंगठा उठवला. कन्नड कळणारे आणखी दोघं-तिघं तिथं होते. तेही त्याच प्लॉटांवरचे — खाली बघत बसले. आक्का वळून म्हणाली, "समदं सांगितलंस न्हवं?"

"व्हय आक्का."

गाळ निघाला. भिंतीही झाल्या. पुढच्या पावसात भिंत जिथं संपते तिथून पाणी सरळ तिच्या रानात गेलं आणि तिथंच राहिलं. पाणी ओसरल्यावर मी तिच्यासोबत बघायला गेले. तिनं भाताचा एक चुडा धरला, तो मुळासकट हातात आला, काळा पडलेला. तो बांधावर ठेवून ती दुसऱ्या चुड्याकडं वाकली. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच.

मग एकदा मी कचेरीत गेले, कुणाला न सांगता. ते साहेब बदलून गेले होते. मी फाट्याचं विचारलं, तशी नव्या बाईंनी फाईल काढली आणि म्हणाल्या, फाट्याबद्दल इथं कुणी काही बोललेलंच नाही. कागद माझ्यापुढं सरकवला. माझंच वाक्य होतं, खाली आक्काचा अंगठा. तेव्हा तरी सांगायचं होतं ना? त्या बाई वाट बघत होत्या, कडक नव्हत्या. मी "बरं" म्हणाले आणि जिना उतरले. आता भिंती उभ्या आहेत, फाट्यावर माझ्यासारख्यांची घरं आहेत. सांगून तरी काय हलणार — असं मी स्वतःला म्हणते, आणि ते खरं असेल याचीच जास्त भीती वाटते.

यंदा आक्कानं भात लावलं नाही. रान तसंच टाकून ती लेकीकडं खासबागला राहायला गेली. परवा तिथल्या भाजीबाजारात मायलेकी भेटल्या. मला बघून आक्का लेकीला म्हणाली, "हिनं साहेबाफुडं आपल्यासाठनं लई सांगितलं गं. त्यास्नीच ऐकायचं नव्हतं."

लेकीनं मला हात जोडले.

मीही जोडले.