खाणीच्या उतारावरची उटी

नागरिकहो, सावधान! देशाच्या इतिहासात नोंद नसलेली एक अत्यंत गंभीर मोहीम आज जाहीर करतो आहे. उद्दिष्ट: दुपारी बाराच्या आत अक्काला जेवू घालणे.

अक्का म्हणजे फौजेतला माझा को-ड्रायव्हर भीमा याची आई. बर्फाच्या मुलखात दरड कोसळली, त्यात भीमा गेला. त्याच्या तिथीला मी आणि आमचे सुभेदार साहेब, आम्ही दोघांनी पहिला घास घेतल्याशिवाय अक्का पाण्यालाही शिवत नाही. वय ऐंशी. तोंड फटकळ.

यंदा पारोळ्याच्या पुढे रस्ता खणलेला. सुभेदार साहेबांना निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, पण कमांड अजून सोडलेली नाही. हुकूम आला, "जीप जुन्या खाणींतून घाल."

मी अक्काला फोन करून नवी वाट सांगितली. ती म्हणाली, "कथीन बी या, पन लवकर या. माले भूक लागनी शे."

११.१० वाजता खाणीत प्रवेश. डावीकडे हिरवं डबकं, उजवीकडे कापलेला काळा कडा, मधे ट्रकांची जुनी चाकोरी. साहेबांचं डोकं तीनदा छताला आपटलं. तिन्ही वेळा त्यांनी रिपोर्ट दिला, "रस्ता क्लिअर."

११.४५. शेवटचा उतार. खाली खाणीच्या तोंडाशी अक्का, कपाळावर हात धरून उभी.

"हॉल्ट! उतरा. आधी पायी रेकी, उतार पाहून येऊ," साहेबांचा हुकूम.

मी गाडी न्यूट्रल केली, नावापुरता उरलेला हँडब्रेक ओढला, साहेबांमागून उतरलो. चार पावलं गेलो तोच मागे खडी करकरली.

"चाकाखाली उटी लावली?" साहेबांनी विचारलं.

"लावली, साहेब."

"कुणी?"

"भीमानं."

तोंडातून निघून गेलं. बारा वर्षं मी उतरायचो आणि तो चाकाखाली उटीचा दगड सरकवायचा. मी कधी वळून पाहिलं नाही. सबंध खाण दगडांची, आणि आमच्या चाकाखाली एकही नाही.

जीप निघाली. साहेब गरजले, "हॉल्ट!" जीपनं हुकूम मोडला.

"अक्का, बाजूला हो!" मी ओरडत धावलो.

अक्का जागची हलली नाही. जीपनं मात्र डबकं टाळलं, कडा टाळला, चाकोरी धरली आणि अक्काच्या अलीकडे दगडाच्या भुकटीच्या ढिगात नाक खुपसून थांबली. मी चालवून इतकी सरळ कधी गेली नव्हती.

आम्ही धापा टाकत पोचलो. बाराला दहा कमी. अक्कानं रिकामी सीट पाहिली, आमची पांढरी तोंडं पाहिली आणि अख्ख्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"गाडी मना भीमा चालाडी राह्यना व्हता का रे?"